गाडीची भणभण परत परत येते? जाम झालेला बोल्ट घट्ट समजू नका

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आसपास माझ्या मोटरसायकलला भणभण लागली आणि ती कायमची जायला फेब्रुवारी उजाडला. मधल्या महिन्यांत ती तीनदा गेली आणि तीनदा परत आली. शेवटी जे सापडलं ते आपल्या कोकण किनारपट्टीवरच्या कुठल्याही गाडीत असू शकतं, म्हणून सगळं सविस्तर लिहितो आहे.

गाडी एका सिलिंडरची, १५० सीसीची, दहा वर्षं वापरलेली. माझं काम पाण्याच्या पंपांच्या दुरुस्तीचं. गुहागरहून पालशेत, वेळणेश्वर, हेदवी, कधी आबलोली, आणि आठवड्यातून दोनदा धोपाव्याला फेरीबोटीत गाडी चढवून पलीकडे दाभोळला. रात्री गाडी पडवीत असते आणि समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर. खारा वारा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि जांभ्याची लाल माती, या तिन्हींतून गाडीची सुटका नाही.

आवाज असा होता: आरपीएमचा, म्हणजे इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं त्याचा, काटा ४,६०० वर गेला की पायांच्या मधून कुठून तरी पत्रा थरथरल्यासारखी भणभण सुरू व्हायची, ५,००० च्या पुढे गेलं की थांबायची. पाचव्या गिअरला पंचावन्न-साठच्या वेगात आपण निवांत जातो, नेमका तोच हा पट्टा. त्यामुळे एक तर रखडत जायचं, नाही तर उगाच पळवायचं. तासभर ऐकलं की डोकं उठायचं आणि फूटरेस्टवर तळव्यांना मुंग्या यायच्या.

पहिल्यांदा एका गॅरेजात दाखवली. मेस्त्रींनी सायलेन्सरवरचं पत्र्याचं कव्हर आवळून दिलं. आठ दिवस शांत. परत आवाज. दुसरीकडे सांगितलं, टॅपेट वाजतात, टायमिंग चेन ढिली आहे. दोन्ही कामं केली, दोन हजार दोनशे रुपये दिले. आवाज तसाच. तेव्हा ठरवलं की आता आधी शोधायचं, मग पाना हातात घ्यायचा. पंपाच्या बाबतीत मी रोज हेच करतो. पंप गुणगुणायला लागला म्हणून कोणी लगेच मोटार उघडत नाही.

आवाज कशाबरोबर बदलतो, हे आधी

शोधाची सुरुवात इथून करा, कारण अर्धी गाडी इथेच यादीतून बाद होते. आवाज इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर येतो, की गाडीच्या वेगाबरोबर, की रस्त्याच्या खड्ड्यांबरोबर?

सड्यावरचा (डोंगरावरच्या सपाटीवरचा) एखादा सरळ, डांबरी, रिकामा रस्ता निवडा. पाचव्या गिअरला ज्या आरपीएमवर आवाज येतो तो आकडा लक्षात ठेवा. मग चौथ्या गिअरला तोच आकडा गाठा, मग तिसऱ्याला. वेग प्रत्येक वेळी वेगळा असेल. माझ्या गाडीत तिसऱ्या, चौथ्या, पाचव्या, तिन्ही गिअरला भणभण ४,६०० लाच सुरू झाली. म्हणजे चाकं, चाकांचे बेअरिंग, टायर, चेन, ब्रेक यांचा संबंध संपला. काटा नसलेली गाडी असेल तरी हे जमतं. वेगवेगळ्या गिअरला कुठल्या वेगाला आवाज येतो ते बघा. वरच्या गिअरला जास्त वेगाला आणि खालच्या गिअरला कमी वेगाला येत असेल तर तो इंजिनाच्या फेऱ्यांशी बांधलेला आहे. गिअर कुठलाही असो, आवाज चाळीसलाच येत असेल तर चाकाकडे बघा.

दुसरी खूण कानाची. १०० बाय ९० चं सतरा इंची टायर एका फेऱ्यात साधारण एक मीटर नव्वद सेंटिमीटर जातं. ताशी पन्नासच्या वेगात ते सेकंदाला सात-सव्वासात फेरे मारतं. एवढे ठोके कानाला वेगवेगळे कळतात, धडधड किंवा टकटक अशी लागते. ४,८०० आरपीएम म्हणजे सेकंदाला ८० फेरे. ते वेगळे मोजता येत नाहीत, त्यांचा एकच सूर होतो, खर्जासारखा. मोजता येईल असं वाटलं तर चाकाचं काही तरी आहे, सूर लागला तर इंजिनाचं. चेन आणि दातेरी चकती यांची घरघर याहून उंच पट्टीत असते आणि ती वेगाबरोबर चढते-उतरते. फक्त खड्ड्यात वाजतं ते बहुतेक वेळा सुटं असतं: टूलकिट, नंबर प्लेट, मडगार्डचं स्टे, स्टँडचा झिजलेला रबर.

तिसरी गोष्ट, गाडी मेन स्टँडवर लावून, न्यूट्रलमध्ये, मोकळ्या हवेत रेस द्या. माझ्याकडे स्टँडवर आवाज यायचा, पण बारीक. वर बसलो की मोठा व्हायचा. घाटी चढताना आणखी मोठा आणि उतारावर रेस सोडली की जवळजवळ नाहीसा. चढाला वाढतो याचा अर्थ इंजिनावर ओझं आलं की काही तरी सरकतं. हे मला तेव्हा कळायला हवं होतं. मी ते वहीत लिहून ठेवलं आणि पुढे गेलो.

एक मात्र सांगतो. ब्रेक दाबल्यावर हँडल थरथरत असेल, वळणावर मागचं चाक डोलल्यासारखं वाटत असेल, किंवा इंजिनाच्या पोटातून ठोका येत असेल तर हे प्रयोग करत बसू नका. कोनसेट (हँडलच्या दांड्याचे बेअरिंग), स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याचे) बुश, चाकाचे बेअरिंग किंवा कनेक्टिंग रॉड (पिस्टनचा दांडा) यांपैकी काही असू शकतं. गाडी टेम्पोत घालून गॅरेजात न्या.

सेकंदाला ८० धक्के म्हणजे काय

एका सिलिंडरच्या इंजिनात पिस्टन वर-खाली जाताना जो हिसका बसतो तो पूर्ण तोलला जात नाही, आणि फेरे दुप्पट झाले की त्या हिसक्याचा जोर चौपट होतो. तो हिसका बोल्टांमधून चेसिसमध्ये येतो, चेसिसमधून टाकी, मडगार्ड, हेडलाइटचा मास्क, आरशांच्या काड्या असा सगळीकडे जातो.

ओटीवरच्या झोपाळ्याला त्याच्या चालीत हलका पाय मारला तरी तो वर जातो, भलत्या वेळी जोरात ढकलला तरी अडखळतो. गाडीवरच्या प्रत्येक पत्र्याची आणि काडीची अशी एक स्वतःची चाल असते. इंजिनाचे फेरे त्या चालीशी जुळले की तो भाग बोलायला लागतो, आणि पुढे गेले की गप्प होतो. म्हणूनच भणभण एका ठरावीक पट्ट्यातच येते.

यातून दोन गोष्टी निघतात. जो भाग वाजतो तो बिघडलेला असेलच असं नाही. आणि एकाचं तोंड बांधलं की दुसरा बोलायला लागतो, कारण हिसका आहे तिथेच आहे. माझ्या सायलेन्सरच्या कव्हरचं नेमकं हेच झालं होतं.

फेरीबोटीवर सापडलेला पहिला धागा

डिसेंबरात एका सकाळी धोपाव्याच्या जेटीवर गाडी बोटीत चढवली, इंजिन बंद केलं, साइड स्टँड लावला आणि कठड्याला टेकून उभा राहिलो. बोटीनं वेग धरला आणि माझी गाडी भणभणायला लागली. किल्ली खिशात, इंजिन बंद, आणि आवाज अगदी तोच.

थोडा विचार केल्यावर कळलं. खालचं डिझेल इंजिन सगळा डेक थरथरवत होतं. चार स्ट्रोकचं, सहा सिलिंडरचं इंजिन असेल तर एका फेऱ्यात तीन स्फोट होतात, म्हणजे १,५०० आरपीएमला सेकंदाला ७५. माझ्या गाडीच्या ८० च्या जवळचाच आकडा. ज्या थरथरीसाठी मला साठच्या वेगात जावं लागत होतं ती इथे उभ्या गाडीला आपोआप मिळत होती. चेन फिरत नाही, सायलेन्सर तापलेला नाही, कुठेही हात लावा.

दाभोळची जेटी येईपर्यंत मिनिटं थोडीच. पुढून सुरुवात केली. आरसे धरले, फरक नाही. हेडलाइटचा मास्क दाबला, नाही. नंबर प्लेट, नाही. सायलेन्सरचं कव्हर तळव्यानं दाबलं, आवाज जरा बदलला पण थांबला नाही. मग टाकीच्या दोन्ही बाजूंना हात लावून ती मागे रेटली आणि भणभण तोडल्यासारखी बंद झाली. सोडली, सुरू. धरली, बंद. शेजारी टेम्पोवाले एक काका उभे होते, म्हणाले, "टाकीचे रबर बघा, वाळून लाकूड झाले असतील."

घरी येऊन सीट काढली, टाकीचा मागचा बोल्ट काढला, नळी सोडवून टाकी उचलली. पुढचे दोन रबर खरोखर लाकडासारखे झाले होते. नखानं दाबलं तर खूण उठत नव्हती. एका बाजूला टाकीच्या आतल्या कडेचा रंग जाऊन रुपयाएवढा चकाकता पत्रा दिसत होता, चेसिसच्या पाइपवर टेकून घासत होता. नवीन रबर आणले, पाइपवर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळून वर टाकी बसवली. तीन आठवडे गाडी इतकी शांत चालली की वाऱ्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

ज्यांच्या वाटेवर फेरीबोट आहे, मग ती धोपावे-दाभोळ असो की तवसाळ-जयगड, त्यांनी हा प्रयोग नक्की करावा. बोट नसेल तर दुसरा माणूस घ्या. तो रेस आवाजाच्या आकड्यावर धरून ठेवेल, तुम्ही एकेक भाग तळव्यानं दाबत जा. बाह्यांची टोकं आवरा, चेन-चाकापासून लांब राहा, सायलेन्सरजवळ जाड हातमोजा घाला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक भागावर आणि मूठ कानामागच्या हाडाला लावली तर आवाज कुठून जवळ येतो तेही कळतं. पंपाच्या बेअरिंगला आम्ही असंच ऐकतो.

परत आला, पण आकडा बदलून

जानेवारीच्या मध्यावर भणभण परत सुरू झाली, पण आता ४,२०० ला. टाकी धरली, फरक नाही. वाजत होतं बाजूचं पॅनेल. त्याच्या भोकातल्या रबरी बुचांना कापडी टेप गुंडाळला, तर दुसऱ्या दिवशी हॉर्नची पट्टी वाजू लागली. तेव्हा मी वाजणाऱ्या भागांच्या मागे लागणं सोडलं. वहीतली जुनी ओळ काढली: चढाला वाढतो, रेस सोडली की जातो. हिसका कुठून जास्त येतो आहे?

एक सिलिंडरचं इंजिन चेसिसला तीन-चार ठिकाणी बोल्टांनी धरलेलं असतं. गॅरेजात त्यांना फाउंडेशन बोल्ट म्हणतात. त्यातला एक जरी ढिला असला तर इंजिन किंचित उसळतं, आणि ती उसळी सगळ्या गाडीत पसरते. मी गॅरेजात गेलो आणि मेस्त्रींना म्हटलं, फाउंडेशन बघा. त्यांनी माझ्यासमोर चारही बोल्टांना पाना लावला. पुढच्या ब्रॅकेटच्या (इंजिनाला चेसिसशी जोडणाऱ्या पट्टीच्या) खालच्या बोल्टला तर सगळं अंग टाकलं.

"टाइट हाय दादानू, हलत न्हाय."

पाना खरंच हलत नव्हता. मीही लावून पाहिला. दोघांचीही खात्री पटली आणि मी घरी आलो. पण तोच बोल्ट ढिला होता.

हे कसं, ते नीट समजून घ्या. बोल्ट घट्ट करतो म्हणजे आपण त्याला किंचित ताणतो. तो ताण दोन भागांना आवळून धरतो. काम त्या आवळणीचं असतं. आता वर्षानुवर्षांच्या थरथरीत ब्रॅकेट आणि इंजिनाचा कान (बोल्ट जातो तो बाहेर आलेला भाग) एकमेकांवर घासले, रंग गेला, थोडा पत्रा झिजला, की ताण संपतो. कोरड्या हवेच्या गावात असा नट हळूहळू फिरून सुटतो, हाताला लागतो. आपल्याकडे तोवर आट्यांमध्ये, म्हणजे पेचांच्या खाचांत, खारं पाणी शिरलेलं असतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, आट्यांत फुगून बसतो आणि नट जागच्या जागी चिकटतो. पाना म्हणतो घट्ट, आणि ब्रॅकेट आत मोकळं नाचत असतं. जाम आणि घट्ट यांतला हा फरक पान्याला कळत नाही.

मग कळायचं कसं? मला तीन गोष्टी उपयोगी पडल्या.

पहिली, पूड. दोन लोखंडी भाग एकमेकांवर बारीक घासत राहिले की लाल-तपकिरी पूड पडते, तोही लोखंडाचा गंजच. दुसरीकडे ती लगेच नजरेत भरते, आपल्याकडे नाही, कारण जांभ्याची मातीही लोहाच्या ऑक्साइडमुळेच लाल असते आणि गाडी खालून कायम तशीच दिसते. म्हणून मी गाडी धुतली, वाळवली, पुढचं ब्रॅकेट जुन्या पांढऱ्या बनियननं लख्ख पुसलं आणि मोडकाआगरहून हेदवीपर्यंत फक्त डांबरी रस्त्यानं जाऊन आलो. परत येऊन हातातली बॅटरी (टॉर्च) लावून पाहिलं. सगळं ब्रॅकेट स्वच्छ, फक्त खालच्या नटाच्या कडेनं एक रेघ उतरलेली, पानातल्या काताच्या रंगाची. चिमटीत घेतली तर माती खरखरीत लागते, ही पूड हळदीसारखी मऊ लागली.

दुसरी, बोट. गाडी थंड असताना, सुरू करून लगेच, सायलेन्सरचा बाक तापायच्या आत बोटाचं पेर अर्धं ब्रॅकेटवर आणि अर्धं इंजिनाच्या कानावर ठेवा. पुढचं ब्रॅकेट त्या बाकाच्या मागेच असतं, म्हणून एवढ्याशा वेळातच हे करायचं. सांधा घट्ट असेल तर दोन्ही बाजू एकत्र थरथरतात, एकच वस्तू असल्यासारख्या. ढिला असेल तर पेराखाली दोन बाजू वेगवेगळ्या हलतात, कातडी चिमटल्यासारखी वाटते. माझ्या बोटाला ते पहिल्या दोन सेकंदांत कळलं.

तिसरी, ठोका. एका बाजूनं बोल्टच्या डोक्यावर लहान हातोडीनं हलकं मारायचं, दुसऱ्या बाजूला नटावर बोट. आवळलेला बोल्ट टणकन वाजतो. मेलेला बोल्ट थप्प करतो आणि बोटाला नुसता धक्का लागतो. पंपाच्या पायाचे बोल्ट मी असेच तपासतो.

जाम बोल्ट काढताना

इथे घाई केली की बोल्ट तुटतो आणि पन्नास रुपयांचं काम पाच हजारांवर जातं, म्हणून थोडं थांबून सांगतो.

पेट्रोलची टाकी काढून लांब ठेवा. इंजिनाखाली आधार द्या. मी जांभ्या दगडाचा एक चिरा ठेवला, त्यावर फळी, आणि पाचर सारून इंजिनाचं वजन अलगद फळीवर घेतलं. बोल्टवर वजन लटकत असेल तर तो भोकात अडकून बसतो. एका वेळी एकच बोल्ट काढा, बाकीचे जागेवर असू द्या.

आटे तारेच्या ब्रशनं घासा आणि गंज सोडवायचं तेल दोन्ही बाजूंनी सोडा. एका रात्रीत होत नाही. मी तीन दिवस सकाळ-संध्याकाळ तेल सोडत होतो आणि दर वेळी डोक्यावर हातोडीचे वीस-पंचवीस हलके ठोके देत होतो. ठोक्यांनी गंजाला चिरा पडतात आणि तेल आत जातं. पाना सहा कोनांचा घ्या, बारा कोनांचा रिंग पाना गंजलेलं डोकं गोल करून टाकतो. सुरुवातीला सोडवू नका, आवळायच्या दिशेनं केसभर हलवा. एक बारीक कटकन आवाज येतो. मग उलट, मग परत आवळा, परत उलट, मध्ये तेल. पान्याला लांब पाइप लावून एकदम जोर करू नका. ज्योतीनं तापवण्याचाही उपयोग होतो, पण पेट्रोलच्या नळ्या, वायरी आणि रबर जवळ असताना ते काम सवयीच्या माणसाचं.

बोल्ट बाहेर आला तेव्हा उजेडात धरून पाहिला. १० मिमीचा बोल्ट, पण जिथे ब्रॅकेट घासत होतं तिथे त्याला कंबर आली होती. नख फिरवलं की खाचेत अडकत होतं. ब्रॅकेटचं भोक गोल राहिलं नव्हतं, माशाच्या डोळ्यासारखं लांबट झालं होतं. असं ब्रॅकेट परत आवळून उपयोग नाही, नवीनच लागतं. ब्रॅकेट, बोल्ट, नट, वायसर मिळून साडेसहाशे रुपये झाले.

बोल्ट निवडताना डोक्यावरचा ताकदीचा आकडा बघा. ८.८ कोरलेला हवा. हार्डवेअरच्या दुकानात सुटे मिळणारे, डोक्यावर काही न लिहिलेले बोल्ट मऊ असतात, ताण धरत नाहीत. आपल्याकडे गंजाला कंटाळून पुष्कळजण स्टीलचे, म्हणजे स्टेनलेसचे बोल्ट लावतात. आरसा, नंबर प्लेट, पॅनेल यांना जरूर लावा. पण साधारण मिळणारा ए२-७० या प्रतीचा स्टेनलेस बोल्ट ८.८ पेक्षा कमी ताकदीचा असतो. शिवाय ॲल्युमिनियमच्या आट्यांत स्टेनलेस घातला आणि खारं पाणी मिळालं की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. पांढरी पूड येते, आटे जातात. इंजिनाच्या कव्हरचे आटे गेलेल्या दोन गाड्या मी पाहिल्या आहेत.

बसवताना दोन्ही बाजूंची घासणारी जागा स्वच्छ धातूपर्यंत घासून घ्या, मधे रंगाचा जाड थर ठेवू नका, तो चेपतो आणि ताण जातो. आट्यांना पातळ ग्रीस लावा, पण लक्षात ठेवा, ग्रीस लावल्यावर घर्षण कमी होतं. गाडीच्या पुस्तकातला टॉर्क (किती जोरानं आवळायचं तो आकडा) कोरड्या आट्यांसाठी असेल तर तेवढाच लावल्यावर बोल्ट जास्त ताणला जातो, म्हणून मी थोडा कमी ठेवतो.

आणि क्रम. नवीन बोल्ट हातानं लागल्यावर बाकीचे फाउंडेशन बोल्टही अर्धा-पाऊण फेरा सैल केले, इंजिन दोन्ही हातांनी हलवून त्याच्या जागी बसू दिलं, आणि मग सगळे थोडे थोडे करत आवळले. सायलेन्सरचंही तसंच. पुढचे दोन नट आणि मागचा बोल्ट सैल करून तो सुखानं बसेल तसा बसू द्यायचा, आधी पुढे आवळायचं, मग मागे. ओढून-ताणून बसवलेला सायलेन्सर इंजिनाची थरथर सरळ चेसिसला पोचवतो.

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हे झालं. ४,२०० ला आवाज नाही, ४,८०० ला नाही. ६,००० च्या वर हँडलला थोडी झिणझिण आहे, ती एका सिलिंडरच्या इंजिनाची स्वतःची आहे, गाडी नवी होती तेव्हाही होती. बाजूच्या पॅनेलला गुंडाळलेला टेप मी काढून टाकला. त्याची गरज उरली नाही.

प्रत्येक नटावरून ब्रॅकेटपर्यंत बायकोच्या नेलपॉलिशची एक लाल रेघ ओढली आहे. नट फिरला की रेघ तुटते. पण गंजाच्या बाबतीत रेघ पुरेशी नाही, नट न फिरताही ताण जातो हे आपण पाहिलंच, म्हणून गणपती आटोपले की ब्रॅकेट पुसून डांबरी रस्त्यानं एक फेरी आणि मग बॅटरी, हे आता दरवर्षी. पावसाळ्यापूर्वी बोल्टांच्या उघड्या टोकांना ग्रीसचा थर. फेरीबोटीतून आल्यावर, विशेषतः वारा असताना पाण्याचे तुषार उडाले असतील तर, त्याच दिवशी गोड्या पाण्यानं गाडी धुतो. ब्रॅकेटच्या सांध्यात पाण्याची जोरदार धार मारत नाही, खारं पाणी त्यानं आणखी आत जातं. बादली आणि मग्गा पुरे.

सायलेन्सरचं वेगळं सांगायला हवं, कारण त्याचा आवाज या भणभणीसारखाच वाटू शकतो. जवळजवळच्या फेऱ्या करणाऱ्या गाड्यांत सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साचतं आणि तो आतून सडतो. आतली जाळी सुटली की डब्यात खडे हलवल्यासारखी खुळखुळ येते. तो थंड असताना मुठीनं ठोका, लगेच कळेल. त्याला बाहेरून कितीही आवळून उपयोग नाही.

ज्यांना इथवर करूनही आवाज सापडत नसेल त्यांनी एक दिवस गाडीवरचं सगळं लटकतं काढून ठेवावं: मोबाइलचा होल्डर, पिशवीचा हुक, लेगगार्ड, किल्ल्यांचा जुडगा. मग एकेक परत लावत जावं. लेगगार्ड बऱ्याच गाड्यांत फाउंडेशनच्याच बोल्टवर बसवलेला असतो आणि तो बसवताना मूळचा बोल्ट बदलून लांब, पण मऊ बोल्ट घातलेला असतो. तो आधी बघा.

आणि घरी येऊन गाडी बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं जी टिक-टिक येते ती सायलेन्सर आणि इंजिन थंड होताना धातू आकसण्याची असते. तिच्या मागे लागू नका.